शंकेची हंडी

ट्रेमध्ये अडतीस खापरे होती. शुक्रवारी दुपारी मी ती मोजून ठेवली, तेव्हा त्यांतल्या अकरांच्या आतल्या अंगाला काळा, जळका थर होता. सर्वांत जाड ठिकाणी तो दोन मिलिमीटर भरत होता. सोमवारी सकाळी खापरे अडतीसच होती. बाहेरच्या अंगाची चिकणमाती जशीच्या तशी होती. काळा थर मात्र एकावरही उरला नव्हता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

पोर्टाकॅबिनच्या दुसऱ्या टोकाला, बेसिनपाशी, एलिशेबा आंटी टूथब्रशने गायीचा जबडा घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी केलं. का गं?"

"त्यावर चिठ्ठी होती आंटी. 'धुऊ नये' म्हणून."

"वाचली ना. धुतलं कुठे? माती बघ, आहे तश्शी आहे. खरकटं तेवढं काढलं."

"खरकटं?"

"मग काय म्हणायचं त्याला? कुणा बाईचं करपलेलं. शुक्रवारचं खरकटं तसंच टाकून मी घरी कशी जाणार? सूर्य मावळला की शब्बाथ, हात लावायचा नाही. रविवारी तुमची सुट्टी. सोमवारपर्यंत काय किडे पाडायचेत त्यात?" त्यांनी ब्रश झटकला. "पाणी नाही वापरलं हो. लाकडाच्या काडीनं खरवडलं. एकपण फुटलेलं नाही, मोजून घे."

ती मी आधीच मोजली होती.

मी रसायनशास्त्राची. पुण्याहून एम.एस्सी. करून इंग्लंडमध्ये, रीडिंगला संशोधनासाठी आले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझं काम म्हणजे जुन्या मडक्यांमध्ये काय शिजत होतं ते शोधणं. त्यासाठी मी १९९१च्या उन्हाळ्यात एल्मस्टोकला जाऊ लागले. रीडिंगच्या बाहेर, एम-फोर महामार्गापासून जवळच, एक बिझनेस पार्क होणार होता. त्या जमिनीखाली एक गाव होतं. दहाव्या शतकापासून तेराव्यापर्यंत तिथे माणसं राहिली आणि मग निघून गेली. भिंत म्हणावी असं काही उरलं नव्हतं. पिवळ्या मातीत काळी वर्तुळं दिसत, ते घराचे खांब. लाल झालेला एक चौकोन, ती चूल. हाडाची फणी, मागाला बांधायची मातीची वजनं, आणि खापरे, खापरे, खापरे. बुलडोझर नोव्हेंबरमध्ये येणार होते, तोवर जेवढं निघेल तेवढं काढून, धुऊन, पिशव्यांत भरायचं होतं.

धुण्याचं काम एलिशेबा आंटींकडे होतं. त्या पगारी होत्या, अर्ध्या दिवसाच्या. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. फुलाफुलांच्या ड्रेसवर स्वेटर, त्यावर रबराचा एप्रन. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव ऐकलं आणि थेट मराठीत विचारलं, "कुठली तू?" मी इतकी दचकले, की हातातली पिशवी खाली ठेवली. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या रेवदंड्याच्या, वाढल्या मुंबईत, एकोणसत्तर साली नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. मी मडक्यांमधलं तेल-चरबी शोधते हे कळल्यावर खूप हसल्या होत्या. "मग तू आमच्यातलीच की. आम्ही शनवारतेली. शनवारी घाणा बंद ठेवणारे. तेल काढायचं आम्ही, आणि शोधायचं तू."

आता मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. नोंदींची आणि साठवणीची प्रमुख ग्लेनिस होती. वेल्सची, उंच, सदा सर्दी झालेली. ती आली आणि तिने ट्रे बघितला. मग नाक पुसून एलिशेबा आंटींना म्हणाली, "एल्सी, डार्लिंग, त्या जळक्या थरात धान्याचे कण होते. त्यावरून तारीख काढता आली असती. तो आता कुठे आहे?"

"डस्टबिनमध्ये," एलिशेबा आंटी म्हणाल्या. "डस्टबिनपण शुक्रवारी रिकामी केली."

मी ग्लेनिसला खरकटं म्हणजे काय ते समजवायला गेले. लेफ्टओव्हर म्हटलं, डर्ट म्हटलं, मग पोल्यूशनही म्हटलं. तीन शब्द झाले, एकही बसला नाही. ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तिला ते घाण वाटलं," ती म्हणाली. "घाण नाही," मी म्हटलं. त्या दिवसापासून न धुवायच्या ट्रेंवर लाल पुठ्ठा आणि त्यावर एक फुली असे. एलिशेबा आंटी तशा ट्रेच्या जवळ गेल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत. ग्लेनिससाठी ते नाटक होतं, पण त्यांचा चेहरा थकलेला असे. नाटक करतानासुद्धा.

त्या कायमच थकलेल्या असत. बसल्या जागी डोळा लागे. ब्रश हातात, हाड हातात, मान खाली. बिस्किटांच्या कारखान्यात त्या सात वर्षं पॅकिंगला होत्या. तो बंद पडल्यावर एका शाळेच्या किचनमध्ये भांडी घासत होत्या. तिथून निवृत्त झाल्या, आणि आता हे. "जन्मभर भांडीच," त्या एकदा म्हणाल्या. "फरक एवढाच, की ही घासून कुणी परत वाढून घेत नाही."

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. डब्यातलं सँडविच त्यांनी उघडलंच नव्हतं.

"तुझं फार नुकसान केलं का गं मी?"

"माझं नाही. ग्लेनिसचं केलंत. मला वरच्या थरापेक्षा आतलं हवं असतं."

"आतलं म्हणजे?"

मी एक खापर घेऊन त्याची फुटलेली कड त्यांना दाखवली. झिलई नसलेली माती स्पंजासारखी असते, सांगितलं. शिजवताना चरबी त्या बारीक भोकांत मुरते. वरून कितीही घासा, आत मुरलेलं बाहेर येत नाही. मी कडेचं थोडं चूर्ण करते, द्रावणात उकळते, यंत्रात घालते. यंत्र कागदावर डोंगर काढतं. कुठला डोंगर किती उंच, त्यावरून कळतं काय शिजत होतं.

"किती वर्षं राहतं ते?"

"ही नऊशे वर्षांची आहेत."

"धुतलं तरी?"

"धुतलं तरी."

"रोज धुतलं, विम लावून?"

"विम लावून घासलेलं नऊशे वर्षांचं मडकं मला अजून मिळालेलं नाही," मी म्हटलं. "पण हो. राहील."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी खापर हातात घेतलं आणि अंगठ्याने आतली बाजू चाचपत राहिल्या.

"आमच्यात म्हणून तर मातीचं भांडं फोडतात," त्या म्हणाल्या. "पितळेचं असेल तर उकळत्या पाण्यात काढलं की झालं चोख. मातीचं काहीही केलं तरी होत नाही. दूध नि मटण एकत्र झालं, की फोडायचं. आई म्हणायची, माती विसरत नाही." मग, "मला वाटायचं, ही आपली बोलायची रीत."

त्यांनी खापर ट्रेमध्ये त्याच जागी परत ठेवलं.

त्यांनी खरवडलेल्या अकरा खापरांपैकी पाच मी प्रयोगशाळेत नेली. पाचांतल्या चारांमध्ये एकच डोंगर सगळ्यांत उंच आला. कोबीच्या पानावरच्या मेणाचा. पुढच्या आठवड्यात मी तो कागद एलिशेबा आंटींना नेऊन दाखवला.

"कोबी!" त्या म्हणाल्या. "अगं, शाळेच्या किचनमध्ये वीस वर्षांपूर्वीचा वास भिंतीतून यायचा. ह्या लोकांनी नऊशे वर्षांत दुसरी भाजी शोधली नाही?" कागद डोळ्यांजवळ धरून त्या बघत राहिल्या. "नि मटण? दूध?"

"थोडी चरबी आहे. मेंढीची किंवा गायीची. एकाच मडक्यात कोबीही आणि मांसही."

"एकच मडकं बिचारीचं." त्यांनी कागद घडी घालून मला दिला. "सुनीती, दूध कळतं का यात? गायीचं दूध पडलं होतं की नव्हतं, असं?"

"इतक्या जुन्या मडक्यात अवघड असतं. नव्यात कळेल."

"नवं म्हणजे किती?"

संध्याकाळची बस आम्हा दोघींची एकच असे. तीत त्यांनी मला सगळं सांगितलं. खिडकीकडे तोंड करून, खालच्या आवाजात. बसमध्ये मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी.

त्यांचे यजमान सोलोमन रेल्वेत होते, रीडिंगच्या डेपोत. आदल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही अवघड झालं. हॉस्पिटलने घरी पाठवलं. मुलगा सायमन ईलिंगला, त्याची नोकरी, त्याची लहान मुलं. तो रविवारी येई. बाकी सगळं त्यांनी एकटीने केलं. कूस बदलणं, पुसणं, आणि दर थोड्या वेळाने चमच्याने पातळ काहीतरी भरवणं. दिवसा मटणाचं पाणी, नारळाचा रस घालून. पहाटे दूध, त्यात रवा शिजवून.

"मटणाची माझी हंडी होती. मातीची. सासूबाईंची, रेवदंड्याची. येताना साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले विमानात. बावीस वर्षं तीत मटण नि नारळाचा रस, दुसरं काही नाही. दुधाची पातेली वेगळी, त्यांचं कपाट वेगळं, बेसिनची बाजूपण वेगळी. डावी मटणाची, उजवी दुधाची. अंधारात उठवलंस तरी माझा हात चुकणार नाही."

बस थांबली, दोन माणसं चढली.

"असं मला वाटायचं," त्या म्हणाल्या. "त्या दिवसांत मी उभ्या उभ्या झोपायची गं. गॅससमोर उभी, चमचा हलवतेय, नि झोपलेली. सोलोमन गेला, लोक आले, बसले, गेले. मग एका सकाळी मी किचनमध्ये गेले, तर हंडी उजवीकडे. दुधाच्या पातेल्यांच्या मध्ये. धुऊन पालथी घातलेली. कुणी ठेवली? घरात मीच. कधी ठेवली? मला आठवत नाही. नुसती चुकून ठेवली, की तीत..." त्या थांबल्या. "शेवटी शेवटी तो तोंड फिरवायचा, चमचा जवळ नेला की. मला वाटायचं गिळता येत नाही म्हणून. आता वाटतं, त्याला कळत असेल. बोलता येत नव्हतं, पण जीभ तर होती. मी मटणाच्या हंडीतलं दूध भरवत असेन त्याला, नि तो नको नको म्हणत असेल."

मी विचारलं, "तुमच्या सिनेगॉगमध्ये कुणाला विचारलं नाही?"

"विचारायला गेले होते. रॅबाय तरुण आहे, पोरसवदा, गोरा. चांगला आहे. मी म्हटलं, या हंडीत मी मीट करते, कोकोनट मिल्क घालून. तर 'मिल्क' ऐकून तो खुर्चीत सरळच बसला. पुढची सगळी भेट नारळाचं दूध म्हणजे दूध नव्हे हे समजावण्यात गेली. मग मी म्हटलं थँक यू, आणि घरी आले. खरी गोष्ट विचारायची राहूनच गेली." त्या किंचित हसल्या. "आपल्याकडे नारळाचा रस म्हणतात, किती बरं आहे."

"हंडी आता कुठे आहे?"

"कपाटात. पेपरात गुंडाळून. वापरवत नाही, टाकवत नाही. शंकेची हंडी."

स्टेशनचा स्टॉप आला. उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुझं यंत्र सांगेल?"

मी लगेच हो म्हटलं नाही. घरी जाऊन संदर्भ तपासले, आणि गंमत म्हणजे रॅबायची अडचण तीच यंत्राची निघाली. नारळाची चरबी आणि गायीच्या दुधाची चरबी यांचे पुष्कळ डोंगर एकाच जागी येतात. लॉरिक आम्ल दोन्हींत असतं, मिरिस्टिक दोन्हींत. नारळात खूप जास्त, म्हणून दुधाचं त्याखाली झाकून जातं. फरक पडतो तो एकाच ठिकाणी: ब्युटिरिक आम्ल. ते दुधात असतं. नारळात नसतं, मटणातही नसतं. ब्युटिरिकचा डोंगर आला तर हंडीत दूध शिरलं होतं. नाही आला तर नाही.

पण एकदोनदा तापवलेलं दूध तरी दिसेल का, हे पाहायला हवं होतं. मी बागेच्या दुकानातून भोक नसलेली मातीची कुंडी आणली. तीत मटण आणि डब्यातला नारळाचा रस घालून दर संध्याकाळी शिजवलं, इतकं की घरातल्या दुसऱ्या भाडेकरूने खिडक्या उघडून ठेवायला सुरुवात केली. दर वेळी विम लावून घासलं. शेवटी एकदाच दूध तापवलं, परत घासलं, आणि कड फोडून चूर्ण केलं. ब्युटिरिक आलं. पॉइंट सहा टक्के. लहान होता डोंगर, पण स्पष्ट होता.

"दिसेल," मी एलिशेबा आंटींना सांगितलं. "एकदा जरी तापवलं असेल तरी दिसेल."

त्यांनी मान हलवली. "नाव काय म्हणालीस त्याचं?"

"ब्युटिरिक."

"बटरसारखं."

"त्यावरूनच पडलंय."

"बरं. बटरवालं." त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला.

"मला नखाएवढा तुकडा पुरेल," मी म्हटलं. "काठाचा, आतल्या बाजूने. मी येऊन स्वतः काढते हवं तर. हंडीला काही होणार नाही."

त्या बघू म्हणाल्या. मग बरेच दिवस तो विषय निघाला नाही. सप्टेंबर संपला. पाऊस लागला, खड्ड्यांत पाणी साचलं, खणणारी मुलं गुडघ्यापर्यंत चिखलात बसून एक एक खांबाचा खड्डा उपसत होती. खापरे आता भिजलेली येत आणि ट्रेंचा ढीग छतापर्यंत गेला होता. ग्लेनिसने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "एल्सी ठीक आहे ना? हल्ली गुणगुणत नाही." मग स्वतःच म्हणाली, "तिला सांग, त्या अकरा खापरांचं मी कधीच विसरले. कोबी मिळाला ना. पुरे."

मी ते सांगितलं. एलिशेबा आंटी म्हणाल्या, "विसरली, चांगली आहे ती." आणि ब्रश बदलून पुढचं खापर घेतलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी काम संपलं. दुपारी चहा होता, ग्लेनिसने केक आणला होता. एलिशेबा आंटींचंही तिथलं काम संपलं होतं, आणि रीडिंगमधलंही. सायमनने घर विकायला काढलं होतं, त्या रविवारी तो त्यांना ईलिंगला न्यायला येणार होता. त्याच्या घरी किचन एकच, पातेल्यांचा संच एकच. सून इंग्रज. "चांगली आहे," त्या म्हणत. "मला वेगळं कपाट देते म्हणाली. पण कपाट वेगळं करून काय, बेसिन तर एकच ना. आता या वयात कुणाला शिकवू?"

सगळे चहाला बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. शबनम पिशवीतून एक पुठ्ठ्याचा खोका काढून टेबलावर ठेवला. आम्ही खापरे ठेवायचो तसलाच.

मी झाकण उघडलं. आत आम्ही वापरायचो त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, भोकं पाडलेल्या, वरच्या कडेला घडी घातलेल्या. त्यांत खापरे. वीटकरी, बाहेरून काजळी धरलेली, काठाला दोन रेघांची नक्षी. प्रत्येकावर बाहेरच्या बाजूला, काठापासून दूर, काळ्या शाईने बारीक अक्षरं होती. एल्मस्टोकच्या खापरांवर जागेचं नाव, वर्ष आणि थराचा आकडा लिहायची पद्धत होती. इथे लिहिलं होतं: रेवदंडा, १९९१, किचन.

"आंटी, मी नखाएवढा म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"निकाल येईपर्यंत तरी थांबायचं. तीत काहीच नसेल कदाचित."

"नसेल." त्या खुर्चीत बसल्या. "मी पण तेच म्हणत होते स्वतःला. थांबू, बघू. मग वाटलं, सायमनकडे ही नेऊन ठेवायची कुठे? तिथं सूनबाई एक दिवस प्रेमानं तीत खीर करेल नि मला आणून देईल. मग काय करू? तिच्यासमोर फोडू? त्यापेक्षा माझ्या घरात, माझ्या हातानं. टॉवेलात गुंडाळली, मागच्या अंगणात नेली, सोलोमनची रेल्वेची हातोडी होती, एक घाव घातला. एकाच घावात गेली गं. मला वाटलं होतं मजबूत असेल."

मी काठाचा एक तुकडा हातात घेतला. आतल्या बाजूला पिवळसर, चिकट, सुकलेला थर होता. त्यात तेल आणि हळद दिसत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"शेवटचं एकदा केलं तीत," त्या म्हणाल्या. "मटण, नारळाचा रस. दूध नाही, तू काळजी करू नको, मी पूर्ण जागी होते. कुणासाठी केलं विचारू नको. एकटीच जेवले." मग खोक्याकडे बोट दाखवलं. "नि बघ. धुतलेलं नाही. तुला नीट मिळावं म्हणून. कालपासून तसंच आहे. रात्री दोनदा उठून आले मी किचनमध्ये, हात शिवशिवत होते. पण नाही धुतलं."

बाहेर ग्लेनिस केक कापायला हाका मारत होती. "एल्सी! यू फर्स्ट!"

"आले, आले," एलिशेबा आंटी मराठीत म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत. खिडकीतून खणलेला भाग दिसत होता. चुलीच्या लाल चौकोनावर पाणी साचलं होतं.

"निकाल आला की फोन कर," त्या म्हणाल्या. "सायमनचा नंबर खोक्याच्या झाकणावर आहे. नि एक लक्षात ठेव. मला आकडा सांग. समजावू नकोस. आंटी, मनाला लावून घेऊ नका, असलं काही नको. आवाजपण गोड करू नकोस. लोक सहा महिने माझ्याशी गोड आवाजात बोलतायत, मला त्याचा शीण आलाय."

"बरं."

"बटरवाल्याचा आकडा शेवटी सांग. आधी बाकीचे. म्हणजे मला जरा तयारीला वेळ."

त्यांनी रबराचा एप्रन काढला, बेसिनमध्ये धुतला, निथळायला टांगला. मग ब्रश धुतले. मग बेसिन धुतलं. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

खापरे तपासायला मला नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. तीन वेगवेगळ्या तुकड्यांतून चूर्ण घेतलं: काठ, पोट, बूड. आतला ताजा थर आधी खरवडून वेगळा ठेवला, आणि तो काढताना मला त्यांची लाकडाची काडी आठवली. माझ्या कुंडीचं चूर्णही सोबत चालवलं, म्हणजे यंत्र त्या दिवशी नीट बघतंय की नाही ते कळावं. कुंडीत ब्युटिरिक दिसलं. यंत्र नीट बघत होतं.

फोन डिपार्टमेंटच्या जिन्याखाली होता. रिंग बराच वेळ वाजत राहिली. मागे टीव्ही लागलेला, एक लहान मूल काहीतरी मागत होतं. मग एलिशेबा आंटींचा आवाज आला, "हॅलो?"

"मी सुनीती, आंटी."

"थांब." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. टीव्ही बंद झाला. मूल रडायला लागलं, कुणीतरी त्याला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. "हां. सांग."

"तीन तुकड्यांची सरासरी आहे."

"सांग."

मी कागद दिव्याखाली धरला आणि वाचला. लॉरिक आम्ल, एकेचाळीस पॉइंट तीन टक्के. मिरिस्टिक, सोळा पॉइंट आठ. पामिटिक, चौदा पॉइंट दोन. स्टिअरिक, नऊ पॉइंट सहा. ओलेइक, दहा पॉइंट एक. ब्युटिरिक, पॉइंट शून्य पाच टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत, तिन्ही तुकड्यांत, आढळले नाही.